खाऱ्या तळ्यातली गोगलगाय शोधायची कशी आणि ती जिवंत आहे का हे ओळखायचं कसं

मेलबर्नहून कोलॅक, कॅम्परडाऊनच्या बाजूला फिरायला गेलं की खाऱ्या तळ्यांचे पांढरेशुभ्र काठ दिसतात आणि बहुतेकांना ती वाळूच वाटते. वाकून मूठभर हातात घ्या आणि नीट बघा, कित्येक ठिकाणी त्यात वाळू कमी आणि बारके बारके शंख जास्त असतात, एकेक जेमतेम ५ ते १० मिलिमीटरचा, निमुळता, आणि बऱ्याच शंखांचं टोक तुटलेलं. ही कॉक्सिएला. खाऱ्या तळ्यांत राहणारी पाण्यातली गोगलगाय, फक्त ऑस्ट्रेलियात सापडते, जगात दुसरीकडे कुठेही नाही.

हे लिहायचं कारण असं की काठावरचा ढीग बघून लोक म्हणतात "बापरे किती गोगलगायी आहेत इथे" आणि उन्हाळ्यात कोरडं पडलेलं तळं बघून म्हणतात "अरेरे, सगळ्या मेल्या". दोन्ही वेळा गोष्ट नेमकी उलटी असू शकते. शंख टिकाऊ असतो, गोगलगाय मेल्यावर वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, त्यामुळे लाखो शंखांच्या काठावर एकही जिवंत नसेल असं होऊ शकतं, आणि मिठाची पापडी धरलेल्या कोरड्या चिखलात तोंड मिटून बसलेल्या शेकडो जिवंत असू शकतात ज्यांच्यावरून आपण बूट घालून चालत जातो. तेव्हा शोधायचं कसं, ओळखायचं कसं आणि त्यांना त्रास न देता परत यायचं कसं, हे सगळं एका जागी लिहितेय.

आधी एक सर्चची गोष्ट सांगून टाकते. नेटवर नुसतं कॉक्सिएला टाकलंत तर पानंच्या पानं क्यू फीव्हर नावाच्या आजाराची येतील, कारण त्या आजाराच्या बॅक्टेरियाचं नावही कॉक्सिएलाच आहे (बॅक्टेरिया आणि प्राणी यांच्या नावांचे नियम वेगवेगळे, म्हणून एकच नाव दोघांना चालतं). तो आजार गुराढोरांपासून, शेळ्यामेंढ्यांपासून येतो, गोगलगायीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. घरच्यांना नाव सांगितलंत आणि त्यांनी गुगल करून घाबरून फोन केला तर हे सांगा. सर्च करताना नावापुढे "स्नेल" किंवा "सॉल्ट लेक" जोडा, किंवा पूर्ण नाव टाका, म्हणजे आपल्या मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात जी दिसते ती कॉक्सिएला स्ट्रायाटा.

कुठलं तळं निवडायचं

व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात ही तळी भरपूर आहेत. त्यातल्या नऊ तळ्यांना मिळून १९८२ साली रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) दर्जा मिळाला, कोरांगमाइट, बीॲक, कंडेअर, नार्पर्ट, मर्डेड्यूक वगैरे. जमीन सगळी ज्वालामुखीची, काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीच्या दगडाच्या जातीचा (वयाने मात्र खूपच तरुण). लोणार बघितलेलं असेल तर हे ऐकून लगेच तेच आठवेल, तेही बेसॉल्टमधलंच खारं तळं, पण एक फरक लक्षात ठेवा. लोणारचं पाणी सोड्याचं आहे, पीएच १० च्या आसपास, आणि इथल्या तळ्यांत मुख्यतः आपलं साधं मीठ आहे, समुद्रात असतं तसंच, कारण ते शेकडो हजारो वर्षं वाऱ्यापावसाबरोबर समुद्रावरूनच आलंय आणि बाहेर जायला वाट नसल्याने तळ्यात साठत गेलंय. म्हणून लोणारला जाऊन कॉक्सिएला शोधू नका, ती तिथे नाही.

पण सगळ्या खाऱ्या तळ्यांत ती असते असंही नाही. खारेपणा किती यावर सगळं आहे. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. कॉक्सिएला त्याच्याहून कमी खाऱ्या पाण्यात राहते, समुद्राएवढ्या खाऱ्या पाण्यात राहते, आणि समुद्राच्या दुप्पट खाऱ्या पाण्यातही राहते, जिथे समुद्रातल्या बहुतेक शंखांचा निभाव लागणार नाही. तरी तिलाही मर्यादा आहे. तळं आटत आटत पाणी गुलाबी दिसायला लागलं की समजायचं मीठ फारच वाढलंय, तो गुलाबी रंग अतिखाऱ्या पाण्यात जगणाऱ्या शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा असतो. इन्स्टावरचे फोटो बघून लोक गुलाबी तळ्याकडेच गाडी वळवतात, फोटोसाठी ठीक आहे, पण पाण्यात फिरणारी गोगलगाय बघायची असेल तर ते तळं त्या दिवसापुरतं सोडा.

कॅम्परडाऊनजवळ हा फरक फार सुंदर दिसतो. बुलन मेरी आणि नोटक, ज्वालामुखीच्या विवरातली दोन तळी, मधे फक्त एक अरुंद टेकाड. बुलन मेरीत लिटरला साधारण ८ ग्रॅम मीठ, तिथे लोक गळ टाकून सॅमन पकडतात, आणि शेजारच्या नोटकमध्ये साधारण ६० ग्रॅम. वरच्या लुकआऊटवरून दोन्ही एका नजरेत बसतात. मुलांना खारेपणा म्हणजे काय हे समजवायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

खारेपणा मोजायचा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी असतो तो, साखर मोजणारा नको. घरून निघायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्याला लावून घ्यायचा. तळ्यावर काचेवर दोन थेंब, झाकण खाली, उजेडाकडे धरून वाचायचं, झालं. बहुतेकांची पट्टी १०० पर्यंतच असते आणि तळं त्याच्यावर गेलेलं असलं तर आकडा बाहेर जातो, मग एक भाग तळ्याचं पाणी आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून वाचा आणि आलेला आकडा दुप्पट करा, ५५ आला तर साधारण ११०. अगदी लॅबइतकं अचूक नसेल पण आपल्याला पुरतं. मोजायचं यंत्र नसेल तरी चालतं, पाण्यात रुपिया नावाचं दोऱ्यासारखं बारीक पानांचं गवत वाढलेलं दिसलं तर खारेपणा अजून बराच सुसह्य आहे असं समजा आणि तिथे शोधायला लागा. चव घेऊन मात्र बघू नका, विशेषतः पोरांना सांगून ठेवा, या तळ्यांत विषारी शेवाळ येतं कधीकधी. काठावर सूचनेचा बोर्ड असेल तर तो वाचा आणि त्या दिवशी पाण्यात हातही घालू नका.

कधी जायचं

इथे पाऊस हिवाळ्यात. जून ते ऑगस्ट तळी भरतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी असतं, ऊब असते, सगळं जिवंत असतं, तेव्हा जा. डिसेंबरनंतर उथळ तळी आटायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कित्येक पार कोरडी. नेमकं आपल्याकडे आई-बाबा भारतातनं येतात ते डिसेंबर-जानेवारीत आणि मग त्यांना कोरडं तळं बघायला मिळतं. येऊ द्या, कोरड्या तळ्यावरही बघण्यासारखं आहे, ते पुढे सांगते, पण येण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर सांगा. आणि साधारण मार्चपासून पुढे यातल्या काही तळ्यांवर बदकांच्या शिकारीचा सीझन असतो, त्या दिवसांत आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नका.

वारा नसलेला दिवस बघा. वाऱ्याने उथळ पाणी ढवळून चहाच्या रंगाचं होतं आणि तळ दिसत नाही, मग कितीही उत्साह असला तरी उपयोग नाही.

काय न्यायचं

गमबूट, कारण चिखल. भिंग, १० पट मोठं दाखवणारं. आइस्क्रीमचा रिकामा पांढरा डबा, कडा कमी उंचीची असेल तर अजून बरं. मऊ ब्रश, रंगाचा चालतो. पाच सेंटचं नाणं, ते १९ मिलिमीटरहून किंचित मोठं असतं, फोटोत शेजारी ठेवलं की शंखाचा आकार कळतो. पिण्याचं पाणी, टोपी, सनस्क्रीन हे सांगायला नको. जाळी, बादली, बरण्या काही नको, कारण आपण काही घरी आणणार नाही आहोत.

आणि पायाखाली बघा. काठच्या गवतात टायगर स्नेक, म्हणजे विषारी साप, असतात आणि वसंतात ते उन्हाला बाहेर येतात. तळ्याच्या चिखलाचंही तसंच, वरून पापडी कडक दिसते आणि खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो, तेव्हा एकट्याने आत आत जाऊ नका. बऱ्याच तळ्यांच्या भोवती खासगी शेतं आहेत, रस्ता दिसत नसेल तर शेतकऱ्याला विचारा, लोक चांगले असतात, आवर्जून सांगतात, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून या, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

शोधायचं कुठे

ढिगापासून लांब जा. हे सगळ्यात महत्त्वाचं. रिकाम्या शंखात हवा अडकली की तो तरंगतो आणि वारा त्याला एका काठाला नेऊन टाकतो. इथे वारा जास्त करून पश्चिमेकडून, म्हणून पूर्वेच्या काठांवर ढीग जास्त, याच बाजूला तळ्यांना वाऱ्याने रचलेल्या चंद्रकोरीसारख्या मातीच्या टेकड्याही असतात. म्हणजे ढीग तुम्हाला वारा कुठे वाहतो ते सांगतो, गोगलगाय कुठे राहते ते नाही.

ती शोधायची घोट्याएवढ्या पाण्यात. उभ्याने काही दिसत नाही, वाका किंवा सरळ गुडघ्यावर बसा आणि दोन-तीन मिनिटं काहीही न करता एकाच जागी बघत रहा. आधी चिखलावर बारीक नागमोडी रेघा दिसतील, रेघेच्या एका टोकाला एक काळपट-तपकिरी दाणा, आणि तो दाणा हळूच पुढे सरकतोय. एक दिसली की मग नजर बसते आणि आजूबाजूला दिसायलाच लागतात. चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर आणि कुजका पालापाचोळा हे तिचं जेवण, म्हणून रुपियाच्या मेलेल्या गवताचे थर, बुडलेली लाकडं, दगडांच्या कडा इथे जास्त मिळतात. दगड उचललात तर ज्या बाजूने उचलला त्याच बाजूने, तसाच, हळू परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेल्यांचं घर उन्हात उलटं टाकून निघून जाणं हे फार वाईट, आणि हे मुलंच नाही, मोठी माणसंही करतात.

जिवंत की रिकामी

आता मुख्य काम. शंख तळहातावर घ्या, हात आधी तळ्याच्या पाण्याने ओला करा, हाताला सनस्क्रीन लावलेलं असेल तर हातात न घेता ब्रशने डब्यातच सरकवा. तोंडाकडे बघा, टोकाकडे नाही. रिकाम्या शंखाचं तोंड म्हणजे सरळ एक भोक, आत वाळू किंवा मीठ भरलेलं, भिंगातून आतपर्यंत दिसतं. जिवंत गोगलगाय आत ओढून घेते तेव्हा तोंडावर पातळ, तपकिरी, शिंगासारख्या पदार्थाचं झाकण बसतं, डबीला झाकण बसावं तसं गच्च. हे झाकण तिच्या पायालाच जोडलेलं असतं, मेल्यावर मांस कुजलं की ते गळून पडतं. म्हणून झाकण आहे म्हणजे जिवंत असण्याची शक्यता भरपूर, किंवा फार तर नुकतीच मेलेली.

तुटलेल्या टोकावर मात्र अजिबात जाऊ नका. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं टोक तुटलं म्हणजे मेली, पण कॉक्सिएलाचं तसं नाही. वाढताना ती शंखाच्या सगळ्यात जुन्या, टोकाच्या वेढ्यांतनं अंग काढून घेते, मधे आतून भिंत घालते, आणि मग ते जुनं टोक झिजून तुटून जातं. धडधाकट, भरभरून खाणाऱ्या मोठ्या कॉक्सिएला बहुतेक टोक नसलेल्याच असतात. उलट टोकदार शंख दिसला तर तो लहान वयाचा असायची शक्यता जास्त.

खात्री करायची तर डब्यात बोटभर तळ्याचंच पाणी घ्या, झाकणवाल्या चार-पाच आत ठेवा, डबा सावलीत आणि स्थिर, आणि थांबा. घाई करायची नाही, टोचायचं नाही, झाकण नखाने उघडून बघायचं तर अजिबात नाही. आधी झाकण किंचित सरकतं, मग पाय बाहेर येतो, मग दोन शिंगं. पाऊण तास झाला तरी काही नाही तरीही ती मेलीय असा निकाल देऊ नका, घाबरलेली असेल, परत ठेवा आणि वहीत "झाकण बंद, हालचाल दिसली नाही" असं लिहा. बाटलीतलं पिण्याचं पाणी किंवा नळाचं पाणी डब्यात कधीच घालू नका, खारेपणा एकदम बदलला की ती तोंड मिटून घेणार आणि तुम्हाला वाटणार मेली, शिवाय तिला त्रास तो वेगळाच. डबा उन्हात राहिला तर पाणी पटकन तापतं, तेही बघा. झालं की जिथून घेतल्या तिथेच सोडायच्या, काठावरून फेकायच्या नाहीत.

मुलं बरोबर असतील तर काठावरच्या ढिगातनं प्रत्येकाला ओंजळभर द्या आणि वर्गवारी करायला सांगा, पूर्ण रिकामे, वाळू भरलेले, झाकण असलेले. बहुतेक वेळा तिसऱ्या गटात काहीच येत नाही किंवा एखाद-दुसरी येते. मग त्यांना पाण्यात घेऊन जा आणि तिथे बघायला लावा. काठावरचे शंख आणि पाण्यातली गोगलगाय यातला फरक पोरांना दहा मिनिटांत समजतो, त्यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही.

कोरड्या तळ्यावर गेलात तर

तळं आटलं की कॉक्सिएला कुठे जाते? कुठेच जात नाही. झाकण गच्च बंद करते, अंगातला ओलावा आत कोंडून धरते, आणि लाकडाखाली, दगडाखाली, भेगांत, पापडीखालच्या ओलसर चिखलात पडून राहते, काही महिने. पाणी आलं की झाकण उघडून चालायला लागते. हे मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं, की बाहेर ४० डिग्री, वर मिठाचा थर, आणि आत सात-आठ मिलिमीटरचा जीव शांतपणे पावसाची वाट बघतोय.

म्हणून कोरड्या तळ्यावर नियम जास्त कडक. गाडी, बाईक तळ्याच्या पात्रात घालायचीच नाही, कितीही सपाट आणि मोकळं दिसलं तरी. चालताना आधीच पडलेल्या पायवाटेवरूनच चाला. बघायचंच असेल तर काठाजवळचं एखादं लाकूड हळूच वर करा, खाली झाकणवाल्या दिसतात का बघा, फोटो घ्या, लाकूड जसंच्या तसं खाली. पाणी शिंपडून जाग्या करून बघू नका. व्हिडिओसाठी तसं करायचा मोह होतो हे मान्य आहे, पण खरं पाणी यायला अजून महिने असतात, आणि साठवलेला जो ओलावा आणि ताकद तिला तेवढे दिवस पुरवायचीय ती आपण पाच मिनिटांच्या मजेसाठी खर्च करायला लावतो. पापडी खणून बघणंही नको, तिच्यासाठीही आणि या तळ्यांभोवती इथल्या मूळ लोकांच्या जुन्या वस्तीच्या खुणा असतात त्यासाठीही.

भलतीच गोगलगाय असू शकते का

हो, विशेषतः कमी खाऱ्या पाण्यात, किंवा जिथे गोड्या पाण्याचा ओढा येऊन मिळतो तिथे. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर पुढे बघा, डाव्या हाताला आलं तर ती कॉक्सिएला नाही, फायसा किंवा तिच्यासारखी गोड्या पाण्यातली कुणीतरी आहे, आणि फायसाला झाकणही नसतं. दुसरी फसवणारी म्हणजे न्यूझीलंड मड स्नेल, बाहेरून आलेली, तिला झाकण असतं आणि तोंडही उजवीकडे, पण ती लहान, साधारण ५-६ मिलिमीटरपर्यंत, आणि टोक शाबूत, अणकुचीदार. समुद्राहून जास्त खाऱ्या, समुद्रापासून लांबच्या तळ्यात टोक तुटलेली आणि झाकण असलेली बारकी गोगलगाय दिसली तर ती कॉक्सिएलाच, यात फार शंका घ्यायला नको.

कॉक्सिएलाची नेमकी जात कुठली हे मात्र फोटोवरून ठामपणे सांगायला जाऊ नका. एकाच जातीत शंखाचा आकार तळ्यागणिक बदलतो. पर्थच्या मर्डोक युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्यांच्या डीएनएचा अभ्यास केला, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात अजून नावं न मिळालेल्या जाती निघाल्या, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाऱ्या तळ्यांत राहणारी टोमिकिया ही तिची जवळची नातेवाईक असल्याचं दिसलं. मधे अख्खा हिंदी महासागर आणि दोन्हीकडे खाऱ्या तळ्यात राहणारे भाऊबंद, म्हणजे हे नातं दोन्ही जमिनी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात एकत्र होत्या तेव्हापासूनचं असावं असं त्यांचं म्हणणं. आपली भारताची जमीनही त्याच गोंडवनातली, तरी हे भाऊबंद आपल्याकडे नाहीत.

आजूबाजूलाही बघा

त्याच डब्यात अजून खूप काही येतं. पाठीवर उताणा पोहणारा पारदर्शक प्राणी म्हणजे पॅरार्टेमिया, ऑस्ट्रेलियाची स्वतःची ब्राइन श्रिम्प. घेवड्याच्या दाण्यासारखे दोन शिंपल्यांत बसून भरभर पळणारे ऑस्ट्राकोड. आणि हॅलोनिस्कस, बागेत कुंडीखाली सापडणाऱ्या खूप पायांच्या चपट्या स्लेटरचा पाण्यात राहायला आलेला नातेवाईक, तो दिसला तर बराच वेळ बघत बसा. पक्षी बघणाऱ्यांसाठी, हूडेड प्लोव्हर हा पक्षी इथे व्हिक्टोरियात समुद्राच्या बीचवर दिसतो पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तो खाऱ्या तळ्यांवर राहतो आणि तिथे त्याच्या खाण्यात कॉक्सिएलाचा मोठा वाटा असतो. म्हणजे गोगलगाय गेली की नुसती गोगलगायच जात नाही.

आणि ती जातेय हे खरं आहे. कोरांगमाइटचंच बघा. १९५० च्या दशकात पुराचं पाणी शेतात शिरायला लागलं म्हणून तळ्याला येणाऱ्या वोडी यालोक नदीचं पाणी कालव्याने बॅरवन नदीकडे वळवलं. शेतं वाचली, पण तळ्यात येणारं गोडं पाणी कमी झालं, पातळी उतरली, आणि आधी समुद्राच्या आसपास असलेला खारेपणा पुढच्या दशकांत वाढतच गेला. काठावर शंख आहेत, पण ते कधीच्या काळचे हे विचारल्याशिवाय त्यांच्याकडे बघून खूश होऊ नये. तिकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी, झाडं तोडून गहू लावला, जमिनीखालचं खारं पाणी वर आलं, काही तळी इतकी आम्लधर्मी की पीएच ४ च्याही खाली, आणि चुन्याचा शंख असलेला जीव आम्लात कसा टिकणार. खारं तळं म्हणजे वाया गेलेली जागा, त्याला काय होणार, असं समजून ही तळी वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत. मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून घरी आणून पाळायचा विचार करू नका. हा प्रश्न नेहमी येतो. तळ्याचा खारेपणा महिन्यागणिक बदलतो, तिचं खाणं त्या तळ्यातल्या चिखलावरचा थर आहे, टाकीत ते जमवता येत नाही, आणि रिझर्व्हमधून परवानगीशिवाय काही उचलणं बेकायदेशीर असतं. रिकामे शंखही तिथेच राहू द्या. पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावर गेलात, क्वोका (छोट्या कांगारूसारखा प्राणी) बघायला सगळेच जातात, तर तिथेही बेटाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात खारी तळी आहेत आणि त्यात कॉक्सिएला स्ट्रायाट्युला ही जात आहे, लाकडी वाटेवर उभं राहून बघा, खाली उतरू नका.

एका दिवसाचा बेत आणि नोंद

मेलबर्नहून कोलॅक साधारण १५० किलोमीटर, सकाळी लवकर निघा. आधी ॲल्व्हीचं रेड रॉक लुकआऊट, तिथून कोरांगमाइट आणि आजूबाजूची विवरं दिसतात आणि आपण कसल्या प्रदेशात आहोत ते डोक्यात बसतं. मग कोलॅकच्या उत्तरेला असलेलं बीॲक, तिथे काठ आणि मीठ बघा. दुपारी कॅम्परडाऊन, नोटक आणि बुलन मेरी. तळी बदलताना मधे बूट, ब्रश, डबा घासून कोरडे करा, एका तळ्याचा चिखल, बिया, गोगलगायीची पिल्लं दुसऱ्या तळ्यात जायला नकोत, आणि ते धुतलेलं पाणी तळ्यात न टाकता गवतावर टाका.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, तिथल्या नोंदी पुढे ॲटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया या देशभरातल्या सजीवांच्या नोंदसाठ्यात जातात आणि अभ्यास करणाऱ्यांना वापरता येतात. किमान तीन फोटो, तोंडाकडून झाकण दिसेल असा, बाजूने नाण्यासकट, आणि आजूबाजूची जागा दिसेल असा. खारेपणा मोजला असेल तर आकडा, पाणी किती खोल, तळं भरलेलं की आटलेलं. आणि ॲपमध्ये जिवंत की मृत हे निवडायचा पर्याय असतो तो रिकामा सोडू नका. नुसते शंख मिळाले तर "मृत" निवडा आणि खाली लिहा की पाण्यातही शोधलं, इतका वेळ शोधलं, जिवंत मिळाली नाही. लोकांना अशी नोंद टाकायला कसंतरी वाटतं, काही सापडलं नाही तर काय टाकायचं म्हणून, पण कुठल्या तळ्यातून ती गेली हे शोधणाऱ्याला तीच नोंद लागते, आणि पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाल्यावर त्याच जागी जाऊन पुन्हा शोधायचं असेल तर तुम्हालाही.